मास्तरीण या शब्दासंबंधी

यंदा स्वराज्याच्या निमित्ताने आमच्या गावच्या मुलींच्या शाळेत काही तसबिरी लावण्यात आल्या. पुढाऱ्यांच्या तसबिरींविषयी मला काही म्हणावयाचे नाही. परंतु त्यांच्या खाली, खडूच्या कपाटावर, भागरथाबाईंची तसबीर आहे आणि तिच्याखाली रंगाऱ्याकडून पुढील मजकूर लिहवून घेतला आहे : ‘मास्तरीणबाई. कै. गणपत मास्तर यांच्या पत्नी.’

या मजकुरातील एकही शब्द खोटा नाही. भागरथाबाई गणपत मास्तरांच्या पत्नी होत्या, हे मी शपथेवर सांगू शकतो; त्यांच्या लग्नाच्या पंगतीत मी जेवलो आहे. गणपत मास्तर कैलासवासी आहेत, हेही निर्विवाद आहे. आणि तरीही हा मजकूर धादांत असत्य आहे, असे मी शाळा समितीला पत्राने कळवले. उत्तर आले नाही. दुसरे पत्र कलमवार लिहिले. त्यावर समितीच्या चिटणिसांनी मला बाजारात गाठून विचारले, “साहेब, रंगाऱ्याचं काही चुकलं का? शुद्धलेखन तर मी तपासलं होतं.” तिसरे पत्र मी लिहिणार नाही. जी बाई त्या चौकटीत बसवली आहे ती कोण होती, एवढेच येथे लिहून ठेवतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपल्या भाषेत पाटलाची बायको ती पाटलीण आणि वकिलाची बायको ती वकिलीण. मी वकील नव्हे, मुखत्यार; म्हणजे कोर्टात वकिलाच्या एक पायरी खाली. तरीही सारे गाव माझ्या पत्नीला वकिलीणबाई म्हणते. “मी कोणाचा खटला चालवला म्हणून?” असे ती दर वेळी पुटपुटते, आणि मी तिला सांगतो की या एका शब्दात दोन चुका आहेत, त्यांपैकी एक माझ्या वाटणीची. पण ‘मास्तरीण’ हा शब्द निराळा. मास्तराची बायको तीही मास्तरीण आणि स्वतः शिकवते तीही मास्तरीण. बोलणाऱ्याच्या मनात कोणता अर्थ आहे, हे ऐकणाऱ्याने ठरवावयाचे. असा शब्द कायद्यात सापडला की त्यावर खटले उभे राहतात. आमच्या गावात तो सापडला आणि उभा राहिला.

आमचे गाव गोंदिया आणि तिरोडा यांच्या मधले, बाजाराचे. गणपत मास्तर मुलांच्या शाळेवर होते आणि माझ्या शेजारच्या घरात भाड्याने राहत. त्यांचे मूळ गाव बोदलकशाच्या वाटेवर. तेथे धाकटा भाऊ महादेव एकत्र कुटुंबाची धानाची शेती पाही. मास्तर हौशी गृहस्थ होते. संध्याकाळी ओसरीवर बसून बायकोला वाचावयास शिकवीत, आणि ती चुकली की हसत नसत. एवढ्या एका गुणासाठी मी त्यांना पुष्कळ गोष्टी माफ केल्या आहेत. पुढे तापाची मोठी साथ आली आणि मास्तर गेले. मुलगी कुसुम तेव्हा तीन-चार वर्षांची होती.

क्रियाकर्म आटोपताच महादेव बैलगाडी घेऊन आला. माणूस वाईट नव्हता, हे मी येथे नमूद करतो, कारण पुढील हकिगतीत तो वाईट वाटण्याचा संभव आहे.

“वयनी, गाडी आनली. सामान बांधा.”

“कायले?”

“कायले म्हनजे? घरी चला. आपल्या इथं भाताचा का वांदा हाय?”

“नाही जी. भाताचा वांदा नाही.”

“मंग?”

“पोरगी तापली हाय. पानी उघडू द्या, मंग पाहू.”

‘कायले’ हा भागरथाबाईंचा आवडता शब्द होता. त्या ठेंगण्या, भरभर चालणाऱ्या आणि आवाजाने बारीक. पण तो एक शब्द त्या अशा शांतपणे विचारीत, की उत्तर देणाऱ्याला आपले कारण हातात धरून पाहावे लागे, आणि पुष्कळदा ते हातातच फुटे.

महादेव जे देऊ करत होता त्याला कायद्यात नाव आहे : अन्नवस्त्र. एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत वाटा नाही, अन्नवस्त्र मिळेल. या शब्दाने मला आयुष्यभर जाळले आहे. कोणते अन्न, केव्हाचे, कोणाच्या हातून आणि कोणत्या तोंडाने वाढलेले, याबाबत कायदा मूग गिळून बसतो. पुढे विधवेला वाटा देणारा कायदा झाला, तर तोही शेतजमिनीपाशी येऊन अडखळला. त्यासंबंधी मी दिल्लीला पाठवलेल्या पत्रांच्या पोचा माझ्याजवळ आहेत, उत्तरे नाहीत. असो. भागरथाबाईंना त्या दिवशी एवढेच ठाऊक होते की एकदा त्या गाडीत बसले की पुन्हा स्वतःच्या पायांनी उतरता येणार नाही.

पाऊस उघडला आणि महादेवाच्या आधी शाळांचे इन्स्पेक्टर आले. जबलपूरकडचे गृहस्थ, हिंदी बोलणारे, त्या भागात नवे. मुलींचा वर्ग मंजूर होऊन पडला होता, पण बाई मिळेना म्हणून तो बंद करावयाचा, असा शेरा मारण्यासाठी ते आले होते. शेरा मारण्यापूर्वी त्यांनी चौकात शेवटचे म्हणून विचारले, “यहाँ कोई मास्टरनी है?”

“है ना साहब,” चौकातल्या तेल्याने सांगितले आणि मोठ्या अगत्याने त्यांना भागरथाबाईंच्या दारात आणून उभे केले. लबाडी नव्हती. साहेब मास्तरणीला विचारतो आहे, आणि मास्तरीण म्हणजे कोण, हे गावातल्या शेळीलाही ठाऊक होते.

मी माझ्या ओसरीवरून पाहत होतो. भागरथाबाई सुपात तांदूळ पाखडत बसल्या होत्या. मागच्या भिंतीवर कुसुमसाठी कोळशाने अ, आ, इ, ई काढलेली होती.

“आप मास्टरनी हैं?”

बाईंनी पदर सारखा केला. “हाव जी.”

साहेबांनी भिंतीकडे पाहिले. “पढ़ाती हैं?”

“शिकवून राहिली ना. अजून ‘ई’वरच अटकली हाय.”

साहेबांनी पिशवीतून क्रमिक पुस्तक काढून पुढे केले. बाईंनी सूप बाजूला ठेवले, हात झटकले आणि एक धडा न अडखळता वाचून दाखवला. साहेब प्रसन्न झाले. पुढच्या सोमवारपासून वर्ग सुरू करावा, असे त्यांनी तेथेच उभ्याउभ्या लिहून दिले. त्यांना वाटले, नेमलेली शिक्षिका सापडली. बाईंना वाटले, मास्तराच्या विधवेला सरकार शिकवावयास बोलावते, अशीच रीत असेल. दोघांपैकी कोणीही खोटे बोलले नाही. इतका निर्दोष गैरसमज मी कोर्टात कधी पाहिला नाही.

महादेवाने मात्र अर्ज केला. गोंदियाच्या कोणा अर्जनविसाकडून लिहून घेतलेला, आणि वाईट लिहिलेला : ‘सदर बाईने आपण मास्तरीण असल्याचे भासवून सरकारची दिशाभूल केली आहे.’ त्याचे दुःख वेगळेच होते. बाजारात लोक विचारीत, “काय गा महादेव, भावाच्या बायकोले भात नाही पुरत का तुह्या घरी?” तो प्रश्न त्याला टोचत होता. आपल्याकडे बाईच्या कमाईने पुरुषाची अब्रू जाते, आणि तिच्या उपासाने मात्र जात नाही. या हिशेबावर मी वर्तमानपत्रांना जी पत्रे लिहिली त्यांपैकी एकही छापून आले नाही.

चौकशी शाळेतच भरली. शाळा समितीचे अध्यक्ष धानाचे व्यापारी होते. त्यांचे अर्धे लक्ष बाहेर उभ्या असलेल्या पोत्यांच्या गाडीकडे होते.

“बाई, तुम्ही साहेबांना मास्तरीण आहे म्हणून सांगितलं?”

“साहेबानं इचारलं, मी हाव म्हटलं.”

“पण तुम्ही मास्तरीण कुठं होता?”

“मंग कोन होती जी? भाऊजीच्या गावी हळदीकुंकवाले गेली तं ‘मास्तरीणले पाट द्या’ म्हनत. तवा कोनी चौकशी नाही बसवली.”

“ते निराळं,” महादेव म्हणाला. “ते दादाच्या नावानं होतं.”

“दादाचं होतं तं मले काऊन देल्लं?”

दारात गर्दी होती, ती हसली. मी उठलो. या शब्दाला लोकव्यवहारात दोन अर्थ आहेत. प्रश्न विचारणाऱ्याने अर्थ स्पष्ट केला नाही. संदिग्धतेचा फायदा उत्तर देणाऱ्याला मिळाला पाहिजे, असा युक्तिवाद मी सुरू केला. चांगला चालला होता. अध्यक्षांनी गाडीकडे पाहत जांभई दिली, तेव्हा मी आवाज चढवला.

“वकीलभाऊ,” भागरथाबाई म्हणाल्या, “बसा जी.”

मी बसलो. मी वकील नव्हे, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

“शब्दाचं भांडन राहू द्या,” त्या अध्यक्षांना म्हणाल्या. “एका अंगानं मी मास्तरीण हायच. दुसऱ्या अंगानं अर्धी हाय. मले ट्रेनिंगले धाडा. अर्धी हाय ते पुरी होऊन येते. नापास झाली तं भाऊजीची गाडी तयारच हाय. कुरकुर न करता बसते.”

अध्यक्षांना हे पसंत पडले, कारण त्यात त्यांना काही ठरवावे लागत नव्हते. महादेवालाही पसंत पडले, कारण बाई पास होईल असे त्याला वाटत नव्हते. मला स्वतःला काय वाटले ते मी लिहीत नाही. कुसुमला माझ्या पत्नीच्या ओटीत घालून भागरथाबाई नागपूरच्या गाडीत बसल्या. निघताना रडल्या नाहीत. डब्याच्या खिडकीतून माझ्या पत्नीला एवढेच म्हणाल्या, “इले ‘ई’ पुरी करून ठेवा, वकिलीणबाई.” माझ्या पत्नीने आयुष्यात प्रथमच कोणाला तरी काही शिकवले, आणि तिला तो नाद लागला, हे जाता जाता सांगतो.

ट्रेनिंग पुरे करून त्या परतल्या त्या दिवशी स्टेशनवरून घरी न जाता समितीच्या बैठकीत गेल्या. सर्टिफिकेट टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “आता मी दोन्हीकडून मास्तरीण आहे.” ‘आहे’ म्हणाल्या, ‘हाय’ नव्हे. पुढे सगळी नोकरी त्यांनी हा भेद पाळला. वर्गात ‘आहे’, ओसरीवर ‘हाय’. मी एकदा कारण विचारले. “वर्गातली बोली सरकारची हाय, वकीलभाऊ. ओसरीवरची माही हाय. पगार घेते तं सरकारची नीट बोला लागते.”

गावाने मात्र त्यांना पूर्वी जी हाक मारली होती तीच मारली. शब्द तोच होता. त्यातला मालक बदलला होता.

त्यांच्या सवयींपैकी एकीने गावात पुष्कळ खळबळ केली. पगाराच्या दिवशी शाळा सुटली की त्या बाजारात हलवायाच्या दुकानी जात, बाकावर बसत आणि गरम जिलबी खात. पानावर, सर्वांदेखत, सावकाश. विधवा बाईने हे करावे, हे त्या काळी लोकांना सहन होण्याजोगे नव्हते. हलवाई उत्तरेकडचा, त्याला पहिल्या वेळी बाईंचीच काळजी वाटली.

“बाईजी, पुड़े में बाँध दूँ? घर ले जाइए.”

“कायले? घरी नेली तं थंडी होते.”

माझ्या पत्नीने भीतभीत विचारले, की बाई, खायचीच तर घरी का नाही खात. त्यावरचे उत्तर तिने मला सांगितले आणि मी ते त्याच दिवशी टिपून ठेवले : “कोनी आनून देल्ली तं तेही गोडच लागते, वकिलीणबाई. पन मान खाली घालून खा लागते. हे मी मान वर करून खातो त्याची गोडी हाय.” बाई असूनही त्या रागात किंवा आनंदात कधी कधी ‘खातो, जातो’ असे बोलत. हा आनंद होता.

मुली गोळा करण्यासाठी त्या आसपासच्या गावी पायी जात. एकदा बोदलकशाच्या तलावाकाठी एका ढिवराच्या घरी गेल्या. तो जाळे दुरुस्त करत बसला होता. त्या मुलीचा विषय काढताच तो म्हणाला, “बाई, पोरगी शिकून का करन? लेक ते परायी.”

“हे जाळं कायले विनून राहिला?”

“मासोऱ्या पकडाले.”

“फाटलं तं?”

“तं शिवतो ना.”

“तुह्या पोरीले तिकडे नवऱ्यानं टाकलं, नाही तं मेला, तं ते कायनं शिवन?”

तो बराच वेळ जाळ्यात सुई घालत राहिला. मुलगी पुढच्या आठवड्यात शाळेत आली, आणि तिच्याबरोबर केळीच्या पानात गुंडाळलेली मासोळीही आली. बाई मासे खात नसत. आमच्या घरी चोरून तळली, कारण आमच्याकडेही खात नसत. फक्त मी खात असे. हे पहिल्यांदाच लेखी कबूल करत आहे.

आता अन्नवस्त्राचा दावा. तो करावा असा आग्रह माझा होता. नोकरी आहे म्हणून हक्क सोडावा, हे माझ्या तत्त्वात बसत नव्हते. “तुमच्या समाधानासाठी करू,” असे त्या म्हणाल्या. माझ्या मुन्शीने अर्जी तयार केली आणि सहीसाठी पुढे ठेवली. बाईंनी ती वाचली. त्यांची वाचण्याची रीत अशी, की ओठ किंचित हलत आणि बोट ओळीखाली चाले. बोट पहिल्याच परिच्छेदात थांबले.

“हे कोनाचं हाय?”

“तुमचंच,” मुन्शी म्हणाला.

“इथं लिवलं हाय : ‘धंदा, काही नाही.’ मंग शाळेची घंटा वाजली का मी जातो कोठं?”

“बाई, बायांच्या अर्जीत तसंच लिहितो. आणि फायद्याचंच आहे. धंदा नाही म्हटलं तर अन्नवस्त्र जास्त भेटते. नोकरी लिहिली तर कोर्ट कमी देईल.”

मुन्शी कायद्याने बरोबर होता, आणि त्याच गोष्टीचा मला संताप आला. जी बाई हात हलवते तिला कायदा म्हणतो, तुला कमी पुरेल. जी हात जोडते तिला म्हणतो, तुला थोडे अधिक देऊ. या विषयावर मी तेथल्या तेथे जे बोललो ते बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग मुन्शीकडे वळल्या.

“कमी भेटू द्या जी. ते ‘काही नाही’ खोडा. तिथं ‘मास्तरीण’ लिवा.”

मुन्शीने खोडले आणि लिहिले. माझ्या उभ्या कारकिर्दीत दुसऱ्या कोणा बाईने तो रकाना खोडवून घेतलेला मला आठवत नाही.

हुकूमनामा आमच्या बाजूने झाला. धान कमी मिळाले, पण मिळाले. पहिल्या सुगीला महादेवाने चांगले धान पाठवले. पुढच्या सुगीला कोंडा मिसळलेले आले. त्याच्या पुढच्या सुगीला गाडीच आली नाही. पाऊस कमी झाला, असा निरोप आला. पाऊस आमच्याही डोक्यावर पडत होता, तो मला पुरेसा वाटला होता. मी वसुलीची दरखास्त लिहावयास घेतली. बाईंनी ऐकले आणि हसल्या.

“तुमचा हुकूमनामा मोठा बरा हाय, वकीलभाऊ. त्याच्यात काही खोट नाही. पन त्याच्या मागं बेलिफ धाडा लागते, बेलिफाच्या मागं तुम्ही, तुमच्या मागं मी. पगाराच्या मागं कोनाले नाही जा लागत. तो आपल्या पायानं येते.” मग थोडे थांबून म्हणाल्या, “भाऊजीले निरोप द्या, मागचा कोंडा शेजारच्या म्हशीनं आवडीनं खाल्ला. दूध वाढलं तिचं.”

मी ती दरखास्त दाखल केली नाही. पेटीत अजून आहे. मी अनेक बायांना अनेक हुकूमनामे मिळवून दिले, पण त्यांपैकी एकही चुलीवर शिजवता आला नाही. हे जे मला कोर्टात इतकी वर्षे काढून कळले ते त्या बाईला जिलबीच्या बाकावर ठाऊक होते. ती लोभी नव्हती, दिराची वैरी तर मुळीच नव्हती. दिवाळीला महादेवाच्या घरी फराळाचे पाठवी. पण तेथे जाताना स्वतःच्या तिकिटाने जाई आणि स्वतःच्या इच्छेने परते. याला मी स्वातंत्र्य म्हणतो. परवा चौकात झेंडा लागला तेव्हा मला प्रथम त्यांची आठवण झाली, याचे कोणी आश्चर्य मानू नये.

वर्षे सुखात गेली. कुसुम नर्सिंग शिकून रायपूरच्या इस्पितळात लागली. बाईंनी फंडाच्या रकमेतून भाड्याचे घर विकत घेतले आणि कोळशाची ती अ, आ, इ, ई शेवटपर्यंत पुसू दिली नाही. दर दिवाळीला चुना तेवढी भिंत सोडून लागे.

बाई निवृत्त होण्याच्या सुमारास महादेव माझ्या ओसरीवर आला. डोके पांढरे झाले होते. मागे त्याची मुलगी वच्छला, पदराचे टोक बोटाला गुंडाळत उभी. तिला नवऱ्याने परत पाठवून दुसरी केली होती.

“साहेब, इच्या सासरवर अन्नवस्त्राची नालिश करा लागते.”

मी कायदा सांगितला. दावा चालेल. हुकूमनामा मिळण्याचा संभव चांगला आहे.

“हुकूमनामा भेटला, तं ते देतीन का जी धान? साफ धान?”

“तुम्ही दिलं होतं का?” मी विचारले.

हे विचारताना मला जो आनंद व्हावयास हवा होता तो झाला नाही. महादेवाने मुलीकडे पाहिले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. मग उठला आणि नालिशीविषयी चकार शब्द न काढता शेजारच्या ओसरीवर गेला. मधल्या कुडावरून सारे ऐकू येत होते. मी कान दिला नव्हता, पण झाकलाही नव्हता.

“वयनी.”

“या भाऊजी. बस वो वच्छले.”

“वयनी, इले मास्तरीण करा जी.”

आता त्या त्याला कोंडा आठवून देतील, गाडी आठवून देतील, अर्जातला तो ‘दिशाभूल’ शब्द आठवून देतील, असे मला वाटले. मी त्यांच्या जागी असतो तर कलमवार दिले असते. त्यांनी एकच शब्द विचारला.

“कोनाची?”

महादेवाला तो शब्द पोचावयास वेळ लागला.

“कोनाचीच नोको जी. आपली आपली.”

“मंग राहू द्या इथं,” बाई म्हणाल्या. “चहा मांडते.”

वच्छला तेथेच राहिली. शिकली, ट्रेनिंगला गेली, आणि गेल्या हिवाळ्यात तिला दरेकशाच्या शाळेवर नेमणूक मिळाली. दरेकसा म्हणजे डोंगर आणि जंगल, मध्ये लहानसे स्टेशन. एकटीला कसे पाठवावे म्हणून भागरथाबाई पोचवावयास निघाल्या. माझी डोंगरगडला एक साक्ष होती, म्हणून मीही त्याच पॅसेंजरमध्ये होतो.

गोंदियाच्या फलाटावर महादेव तांदळाची पिशवी घेऊन आला होता. “नवीन धानाचा हाय. मी सोता निवडला,” तो म्हणाला, मुलीला नव्हे, भावजयीला. गाडी सुटल्यावर बाईंनी पिशवीचे तोंड उघडले, मूठभर तांदूळ तळहातावर घेतला, खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि पुन्हा पिशवीत सोडला. “साफ हाय,” म्हणाल्या, आणि आमगाव येईपर्यंत बाहेर पाहत राहिल्या. मग वच्छलेला सूचना सुरू झाल्या : वर्गात सरकारची बोली बोलावी, पोरे गोंडी बोलली तर रागावू नये, आपण दोन शब्द शिकावे, पगाराच्या दिवशी काहीतरी गोड खावे.

“तिथं हलवाई कोठं असन, मोठीमाय?”

“नसन तं गूळ खा. पन बसून खा.”

त्यानंतर फार दिवस गेले नाहीत, आणि भागरथाबाई गेल्या. झोपेतच, कोणाला त्रास न देता, स्वतःच्या घरात. मजकुराबाबत माझी समितीला विनंती एवढीच आहे, की दुसरी ओळ खोडावी. पहिली पुरेशी आहे. ज्याला तिचा अर्थ कळणार नाही त्याने शाळेत पहिल्या वर्गापासून बसावे.

मला त्या आठवतात त्या दरेकशाच्या फलाटावर. गाडी तेथे क्षणभर थांबते. दोघी उतरल्या, बोचकी उतरली. शाळेच्या गावचा कोतवाल बैलगाडी घेऊन आला होता, तो डब्यांवरून नजर फिरवत ओरडत होता, “मास्तरीणबाई कोन हाय जी?”

इतक्या वर्षांची सवय. भागरथाबाईंची मान वळली, ‘हाव’ म्हणण्यासाठी तोंडही उघडले. मग मिटले. त्या खाली वाकल्या आणि एका बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधू लागल्या. ती गाठ चांगली घट्ट होती.

वच्छलेने त्यांच्याकडे पाहिले. त्यांनी वर पाहिले नाही.

“मास्तरीणबाई कोन?” कोतवालाने जवळ येऊन पुन्हा विचारले.

“मी,” वच्छला म्हणाली.

कोतवालाने तिच्या मागे, डब्याच्या दाराकडे पाहिले. “आन मास्तर? मागून येते का?”

“मास्तर नाही,” वच्छला म्हणाली, आणि मग घसा साफ करून, सरकारच्या बोलीत : “मीच आहे.”

गाडी हलली. मी खिडकीतून डोके बाहेर काढले. कोतवाल बोचके उचलून बैलगाडीकडे चालला होता, वच्छला त्याच्या मागे. भागरथाबाई तांदळाच्या पिशवीपाशी अजून वाकलेल्याच होत्या. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण खांदे हसत होते. पुढे बोगदा आला.